निर्वासितांचे आरोग्य: दवाखान्याच्या दाराबाहेरचे काम

२०२४ सालाच्या अखेरीस जगभरात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसे युद्ध, छळ किंवा हिंसाचारामुळे घरदार सोडून परागंदा झाली होती, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने केली आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे आपल्याच देशात दुसरीकडे आसरा घेऊन होती. सीमा ओलांडून परदेशात गेलेले निर्वासित सुमारे ४ कोटी २७ लाख होते. हे निर्वासित मुख्यतः युरोप-अमेरिकेत जातात असा समज बातम्यांमुळे रुजला असला, तरी प्रत्यक्षात त्यांच्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात आणि बहुतेकांनी शेजारच्याच देशात आश्रय घेतलेला असतो. म्हणजे ज्या देशाची स्वतःची आरोग्यव्यवस्था आधीच ओढाताणीत चाललेली असते, त्याच देशाच्या दवाखान्यांपुढे ही नवी रांग लागते.

विस्थापितांपैकी सुमारे चाळीस टक्के अठरा वर्षांखालील मुले आहेत, आणि त्यामुळेच या विषयात ‘रुग्ण’ या एककापेक्षा ‘कुटुंब’ हे एकक अधिक उपयोगी ठरते. आईला झोप लागत नसेल, वडिलांना काम करण्याची परवानगी नसेल आणि आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या वाटेतच संपल्या असतील, तर त्या घरातल्या मुलाच्या आरोग्याचा विचार एकट्याने करता येत नाही. सामुदायिक आरोग्य कार्यक्रम म्हणतात ते याच जाणिवेतून उभे राहिलेले काम होय. डॉक्टर आपल्या जागी बसून रुग्णाची वाट पाहतो, ही नेहमीची रीत. सामुदायिक कार्यक्रमात वस्तीतलीच प्रशिक्षित माणसे घरोघर, शाळेत, प्रार्थनास्थळी आणि मैदानावर जाऊन आरोग्याचे काम करतात व गरज पडेल तेव्हा माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचवतात.

आधी पाणी, मग औषध

छावणी नव्याने उभी राहते तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत जीव वाचतात किंवा जातात ते पाणी, शौचालये, अन्न आणि गोवरची लस या चार गोष्टींवर. मदतकार्यात जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांनुसार प्रत्येक माणसाला दररोज किमान १५ लिटर पाणी मिळावे आणि दीर्घ मुदतीच्या छावणीत वीस माणसांमागे निदान एक शौचालय असावे, अशी अपेक्षा असते. आणीबाणीच्या काळात सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना गोवरची लस देण्याचाही आग्रह धरला जातो, कारण दाटीवाटीत आणि कुपोषणात गोवर अतिशय जीवघेणा ठरतो. ही कामे ठरलेल्या पद्धतीने होत असल्यामुळे त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो.

निर्वासितपण हे काही महिन्यांचे संकट नसते. अनेक कुटुंबे दहा-वीस वर्षे छावणीत किंवा परक्या शहरात काढतात, आणि मग साथीच्या आजारांच्या जागी रक्तदाब, मधुमेह, दमा, दातांची दुखणी आणि बाळंतपणातल्या अडचणी येतात. सीरियातून जॉर्डन आणि लेबनॉनमध्ये गेलेल्या लोकांमध्ये हे दीर्घकालीन आजार मोठ्या प्रमाणावर आढळले, आणि संसर्गजन्य रोगांवर भर देऊन आखलेल्या मदतयंत्रणेला आपली घडी बदलावी लागली. रक्तदाबाचे औषध एकदा देऊन भागत नाही. ते दर महिन्याला मिळाले पाहिजे, ते का घ्यायचे हे रुग्णाला पटले पाहिजे, आणि एक गोळी दोघांत वाटून घेण्याची वेळ घरावर येता कामा नये.

दुसऱ्या देशात कायमच्या पुनर्वसनासाठी जाणाऱ्या कुटुंबांची निघण्यापूर्वी व पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते. तपासणी झाली म्हणजे प्रश्न मिटला असे मात्र नसते, हे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका घटनेवरून स्पष्ट होते. २००० साली मँचेस्टर या शहरात सुदानमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातील दोन वर्षांची मुलगी शिशाच्या विषबाधेने दगावली. हे विष तिच्या शरीरात मायदेशातून आले नव्हते. नव्या देशात राहायला मिळालेल्या जुन्या इमारतीतील भिंतींच्या पोपडे सुटलेल्या रंगातून ते आले होते. घरांसाठीच्या रंगात शिसे वापरण्यास अमेरिकेत १९७८ साली बंदी झाली, पण त्यापूर्वी रंगवलेली घरे उभीच आहेत आणि स्वस्त भाड्यात बहुधा तीच मिळतात. शिवाय ज्या मुलांच्या शरीरात लोह कमी असते त्यांच्या आतड्यांतून शिसे अधिक शोषले जाते, आणि छावणीतून आलेल्या मुलांत लोहाची कमतरता नेहमीचीच. याच राज्यात काही वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा आल्या आल्या केलेली चाचणी ठीक असलेल्या अनेक मुलांच्या रक्तात पुढच्या काही महिन्यांत शिसे वाढलेले आढळले. त्यामुळे आता तिथे निर्वासित मुलांची चाचणी आल्यावर एकदा आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एकदा करावी, असे सांगितले जाते. कुटुंबाला दिली जाणारी भेट एका तपासणीपुरती न ठेवता पुढे चालू ठेवणारा, घराच्या भिंती आणि खिडक्यांच्या चौकटी पाहणारा माणूस हवा असतो, आणि तो दवाखान्यात नसतो.

दवाखाना असूनही का जाता येत नाही

कागदोपत्री सेवा उपलब्ध असते आणि तरीही माणसे येत नाहीत, याचा दोष सहसा त्यांच्या ‘अज्ञाना’वर ढकलला जातो. वास्तविक अडथळे अगदी साधे आणि व्यवहारातले असतात. वेळ ठरवण्यासाठी फोन करावा लागतो आणि पलीकडचा आवाज वेगळ्या भाषेत बोलतो. रोजंदारी बुडवून गेले तर त्या दिवसाचे पैसे जातात. बस दोनदा बदलावी लागते. अर्जावर जन्मतारीख लिहायची असते, आणि नोंदच झालेली नसल्यामुळे अनेकांच्या कागदांवर एक जानेवारी ही एकच तारीख पडलेली असते. ज्यांनी सरकारी गणवेशातल्या माणसांकडून छळ सोसला आहे त्यांना दारावरचा सुरक्षारक्षक पाहूनच माघारी फिरावेसे वाटते.

दुभाष्याचा प्रश्न तर स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखा आहे. मुले शाळेत जातात आणि पालकांच्या आधी नवी भाषा शिकतात. परिणामी दवाखान्यात, बँकेत आणि सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षांचे मूल आईवडिलांच्या वतीने बोलू लागते. आईच्या मासिक पाळीविषयीचा प्रश्न मुलाने विचारायचा, किंवा वडिलांच्या गाठीचा अहवाल मुलीने वाचून सांगायचा, हे कुणाच्याच हिताचे नाही. आई खरे ते सांगत नाही, मूल अर्धवट समजून अर्धवट सांगते, आणि जे त्याच्या कानावर पडायला नको होते ते पडते. म्हणून चांगल्या कार्यक्रमांत प्रशिक्षित दुभाष्यावर खर्च केला जातो आणि मुलांकडून भाषांतर करून घ्यायचे नाही असा नियमच असतो. दुभाषा त्याच छोट्या वस्तीतला असेल तर गुप्ततेची भीती वाटते, हाही मुद्दा आहे. अशा वेळी दूरच्या शहरातल्या दुभाष्याशी फोनवरून बोलणे लोकांना अधिक सोयीचे जाते. दुभाष्याच्या एक पायरी पुढे ज्यांना सांस्कृतिक मध्यस्थ म्हणतात ती माणसे असतात. ते शब्द पोहोचवतात आणि त्यासोबत बाजूची माहितीही देतात: उपासाच्या महिन्यात गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, किंवा मुलीच्या तपासणीला आत्या सोबत का बसली आहे.

वस्तीतली आरोग्यसेविका

२५ ऑगस्ट २०१७ नंतर अवघ्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशच्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. डोंगर उतारांवर बांबू आणि ताडपत्रीची घरे उभी राहिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तिथे घटसर्पाची साथ सुरू झाली. लसीकरणाने बहुतेक देशांतून जवळजवळ हद्दपार झालेला हा रोग तिथे पसरला, कारण म्यानमारमध्ये या लोकांपर्यंत नियमित लसीकरण पोहोचलेच नव्हते. लस आली, डॉक्टर आले. पण रुग्णाच्या सहवासात कोण कोण आले, कुणाच्या घशाला सूज आहे, कोण लस घ्यायला घाबरते, हे कळण्यासाठी झोपडी-झोपडीत जाणारी माणसे लागत होती, आणि ती रोहिंग्यांमधूनच घ्यावी लागली. पुढे करोनाच्या काळात तिथे अशा सामुदायिक आरोग्य सेवकांची संख्या चौदाशेच्या वर गेलेली होती.

यांचे रोजचे काम ऐकायला साधे वाटते. ठरावीक घरांची वाटणी असते आणि त्या घरांना आळीपाळीने भेटी द्यायच्या असतात. गरोदर बाईची नोंद करायची, तिला तपासणीची तारीख आठवण करून द्यायची, बाळाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळून माप घ्यायचे आणि माप लाल भागात आले तर त्याच दिवशी पोषण केंद्रात पाठवायचे. घरात जन्म झाला किंवा मृत्यू झाला तर त्याची नोंद करायची. ही शेवटची नोंद फार मोलाची असते, कारण दवाखान्यात न पोहोचताच झालेले मृत्यू दुसऱ्या कुठल्याही यंत्रणेला दिसत नाहीत.

एका अडचणीविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. निर्वासितांना नोकरी करण्याची कायदेशीर मुभा नसलेल्या देशांत या सेवकांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाते आणि पगाराऐवजी मानधन दिले जाते. काम पूर्ण वेळचे, जबाबदारी पूर्ण वेळची, मोबदला मात्र नाममात्र, अशी ही विचित्र तडजोड आहे. सामुदायिक सहभाग या गोड नावाखाली स्वस्त मनुष्यबळ वापरले जात नाही ना, हा प्रश्न अशा प्रत्येक कार्यक्रमाला विचारला गेला पाहिजे, असे माझे मत आहे.

मनाचे दुखणे: सगळेच आघातग्रस्त नसतात

निर्वासित म्हटले की मानसिक आघात, आणि आघात म्हटले की मानसोपचार, अशी सरळ रेघ अनेकांच्या मनात असते. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार गेल्या दहा वर्षांत युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष अनुभवलेल्या लोकांपैकी सुमारे २२ टक्के लोकांना नैराश्य, चिंता, आघातोत्तर ताण किंवा त्यासारखा एखादा मानसिक विकार असतो. त्यातही मध्यम आणि तीव्र स्वरूपाचे विकार मिळून नऊ टक्क्यांच्या आसपास असतात. शांततेच्या काळातील प्रमाणापेक्षा हे बरेच जास्त आहे, यात शंका नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की पाचांपैकी चौघांना विकार नसतो. त्यांना दुःख असते, राग असतो, काळजी असते, आणि ती परिस्थितीला साजेशी असते.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या संयुक्त समितीने २००७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मानसिक आधाराची मांडणी चार थरांच्या पिरॅमिडसारखी केली आहे. तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत सेवा येतात, आणि त्या देतानाही माणसाचा मान राखला जावा अशी अपेक्षा असते. त्यावर कुटुंब आणि समाजाचे आधार येतात: हरवलेल्या नातेवाइकांचा शोध, अंत्यविधी व शोकाचे विधी करण्याची मोकळीक, शाळा, बायकांचे गट. तिसऱ्या थरात तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण मिळालेल्या माणसांनी दिलेली नेमकी मदत येते, आणि अगदी वरच्या छोट्या टोकाला मानसोपचारतज्ज्ञ. गंभीर आजाराच्या माणसाला त्या टोकापर्यंत पोहोचवलेच पाहिजे. परंतु तळ रिकामा ठेवून टोक बांधता येत नाही.

आघाताच्या आठवणी लगेच सविस्तर बोलून घ्याव्यात म्हणजे मन मोकळे होते, अशीही एक समजूत आहे. संकटानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सगळे वदवून घेण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही, कारण तिचा फायदा दिसलेला नाही. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवले जातात, आणि त्यांत काय घडले हे खोदून विचारायचे नसते. माणसाला काय हवे आहे ते पाहायचे, तो बोलेल तेवढे ऐकायचे, आणि पाणी, पांघरूण, फोन, हरवलेला भाऊ अशा त्याच्या तातडीच्या गरजांशी त्याला जोडून द्यायचे.

मागे घडलेल्या हिंसेइतकेच, कित्येकदा त्याहूनही अधिक, आताचे जगणे मनाला पोखरते. भूतानमधून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडलेले नेपाळीभाषक लोक पूर्व नेपाळच्या छावण्यांत दीर्घकाळ राहिले आणि २००७ नंतर त्यांतील एक लाखाहून अधिक लोकांचे पुनर्वसन झाले, बहुतेकांचे अमेरिकेत. छावणी संपली, घर मिळाले, मुलांना शाळा मिळाली. तरीही २००९ ते २०१२ च्या सुरुवातीपर्यंत या समाजात १६ जणांनी आत्महत्या केल्याचे तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या तपासणीत नोंदले गेले. हे प्रमाण अमेरिकेतील सर्वसाधारण प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट होते. लोकांशी बोलल्यावर ज्या अडचणी वारंवार पुढे आल्या त्या अशा: भाषा येत नाही, मागे राहिलेल्या नातेवाइकांची काळजी लागून राहते, कुटुंब वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले आहे, सण आणि धर्मविधी नीट पाळता येत नाहीत. पुढे या समाजातील पुढाऱ्यांनाच मानसिक आरोग्याचे प्राथमिक प्रशिक्षण देण्याचे उपक्रम झाले. कुणी अचानक गप्प झाले, देणी-घेणी मिटवू लागले, ‘मी गेलेलेच बरे’ असे बोलू लागले, तर ते हसण्यावारी न नेता थेट विचारावे आणि मदतीपर्यंत सोबत जावे, हा अशा प्रशिक्षणांचा गाभा असतो.

तिसऱ्या थरातले काम कसे चालते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘सेल्फ-हेल्प प्लस’ नावाचा एक गट-कार्यक्रम तयार केला आहे. युगांडातील ऱ्हायनो कॅम्प या वसाहतीत दक्षिण सुदानहून आलेल्या सुमारे सातशे स्त्रियांसह त्याची चाचणी झाली. वीस-तीस बायका एकत्र बसतात. समोर तज्ज्ञ नसतो. वस्तीतल्याच, थोडे प्रशिक्षण मिळालेल्या दोघी असतात आणि त्या ध्वनिमुद्रित सूचना लावतात, दक्षिण सुदानी स्त्रियांना समजणाऱ्या जुबा अरबी भाषेत. जमिनीवर टेकलेल्या पायांकडे लक्ष द्या, श्वास सावकाश सोडा, मनात घोंघावणाऱ्या विचाराला नाव द्या आणि त्याला थोडी जागा द्या, अशा त्या सूचना असतात. सोबत भरपूर चित्रे असलेली पुस्तिका घरी नेता येते, त्यामुळे वाचता न येणाऱ्या बाईचेही अडत नाही. आठवड्यातून एकदा, सुमारे दोन तास, असे पाच आठवडे. आपल्यावर काय गुदरले हे गटापुढे सांगण्याची सक्ती नसते, आणि अनेकींना नेमकी हीच गोष्ट सोयीची वाटते. तीन महिन्यांनी या स्त्रियांचा मानसिक त्रास, कार्यक्रम न मिळालेल्या स्त्रियांच्या तुलनेत, कमी आढळला.

तुर्कस्तानात सीरियन निर्वासितांमध्ये याच कार्यक्रमाने सहा महिन्यांनंतर मानसिक विकार जडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. पश्चिम युरोपात झालेल्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनी फरक उरला नाही. असे निकाल वाचताना उत्साह थोडा आवरता घेतलेला बरा. पाच बैठकींनी शांत झोप येऊ शकते. आश्रयाचा अर्ज तीन वर्षे अडकून पडला असेल तर ती झोप पुन्हा उडते.

घर आणि अंगण

स्थलांतराने घरातल्या भूमिका उलटसुलट होतात. ज्याच्या शब्दावर गाव चालत होते तो आजोबा बसचे तिकीटही काढू शकत नाही, आणि चौदा वर्षांची नात घराचे भाडे भरण्याचा व्यवहार पाहते. मुलांना मारणे नव्या देशात कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हे पालकांना उशिरा आणि बहुधा धमकीच्या स्वरूपात कळते. मग ‘मुलांना काही बोलायचेच नाही’ इथपर्यंत पालक मागे सरतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात सोमालियातून आलेल्या बंटू समाजाच्या आणि भूतानी कुटुंबांसाठी घरभेटींचा एक कार्यक्रम त्याच समाजांतील प्रशिक्षित माणसांनी चालवला. त्यांत आधी कुटुंबाची कहाणी एकत्र बसून मांडली जाते, म्हणजे आईबापांनी काय सोसून इथपर्यंत आणले हे मुलांना कळते, आणि मग शाळा, शिस्त, वेळापत्रक, एकमेकांशी बोलणे या रोजच्या गोष्टींवर काम होते. शिक्षेऐवजी काय करावे, हे सांगणारा माणूस स्वतः त्याच वाटेने गेलेला असल्यामुळे त्याचे ऐकले जाते.

अगदी लहान मुलांसाठी कॉक्स बझारमध्ये ‘ब्रॅक’ या संस्थेने खेळघरे चालवली आणि त्यांत रोहिंग्या समाजाचीच बडबडगीते व खेळ गोळा करून वापरले. आया तिथे बसतात, गातात, आणि मुलाला खेळवता खेळवता त्यांनाही दोन शब्द बोलायला कुणी मिळते. शेतीचेही असेच आहे. ‘इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी’च्या ‘न्यू रूट्स’ या उपक्रमात सॅन डिएगोपासून सुरुवात होऊन अनेक शहरांत निर्वासितांना सामुदायिक बागेत जमिनीचे लहान तुकडे कसायला मिळाले. ताजी भाजी मिळते, व्यायाम होतो, हे खरेच. पण ज्या माणसाला नव्या देशात एकही गोष्ट येत नाही असे दिवसभर जाणवत राहते त्याला इथे सगळे येत असते, आणि शेजारचा स्थानिक माणूस त्याला विचारायला येतो, याचे मोल कोणत्याही प्रश्नावलीत नीट मोजले जात नाही.

तरुण मुले उपचाराला येत नाहीत, खेळायला येतात

किशोरवयीन मुलांसमोर ‘समुपदेशन’ हा शब्द काढला की ती पाठ फिरवतात. वेडे ठरवले जाण्याची भीती सगळ्याच समाजांत असते. म्हणून त्यांच्यासाठीचे कार्यक्रम खेळ, कला, संगणक किंवा एखादे कौशल्य शिकण्याच्या निमित्ताने बांधलेले असतात. जॉर्डनमध्ये ‘मर्सी कोअर’ या संस्थेने सीरियन निर्वासित आणि स्थानिक जॉर्डनी अशा दोन्ही मुलामुलींसाठी आठ आठवड्यांचा असा एक कार्यक्रम चालवला. कुणी व्यायाम, कुणी हस्तकला, कुणी तांत्रिक कौशल्य निवडले. ताण ओळखणे, मित्र जोडणे, सुरक्षित वाटणे हे या निवडलेल्या गोष्टींच्या ओघात आले.

कार्यक्रमाचा उपयोग झाला का, हे पाहण्यासाठी कॅथरीन पँटर-ब्रिक आणि राणा दजानी यांच्यासह संशोधकांनी प्रश्नावलीसोबत मुलांच्या केसांची मदत घेतली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि ताणाच्या वेळी शरीरात तयार होणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढत्या केसात साठत जाते. त्यामुळे डोक्याच्या त्वचेलगत कापलेला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या ताणाची नोंदवहीच असते. कार्यक्रमात भाग घेतलेल्या मुलांच्या केसांतील कॉर्टिसॉल, न घेतलेल्यांच्या तुलनेत, सरासरी ३८ टक्क्यांनी कमी झाले. असुरक्षिततेची भावना आणि मनाचा त्रासही घटला. आघातोत्तर ताणाच्या लक्षणांवर मात्र परिणाम दिसला नाही, आणि हे संशोधकांनी लपवलेही नाही. ज्या मुलांना भयंकर आठवणी रात्री झोपू देत नाहीत त्यांना फुटबॉलपलीकडचे, तज्ज्ञांचे उपचार लागतात. गटात काम करणाऱ्या तरुण शिक्षकाला अशी मुले ओळखता आली पाहिजेत आणि ती कुठे पाठवायची हे माहीत असले पाहिजे.

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचाही एक कार्यक्रम आहे. त्यात मुलांच्या सात बैठका आणि पालकांच्या तीन बैठका असतात. पालकांचा भाग वगळला तर मुलाने शिकलेले घरी टिकत नाही, हा त्यामागचा अनुभव. शाळेचेही महत्त्व इथेच येते. शाळेच्या वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळजवळ निम्मी शाळेबाहेर आहेत. जी आत आहेत त्यांच्यासाठी शाळा ही जेवण, लस, चष्मा, दिनक्रम आणि विश्वासाचा एखादा मोठा माणूस या सगळ्यांची एकत्रित जागा असते.

पालकांशिवाय एकटी आलेली मुले हा याहून नाजूक प्रश्न आहे. अनेक देशांत अशा मुलांना पालक-प्रतिनिधी, निवास आणि शाळा मिळते. अठरावा वाढदिवस उजाडला की यातले बरेचसे एका दिवसात संपते, आणि तोवर रात्री आठला घरी येणाऱ्या मुलाला प्रौढांच्या निवाऱ्यात खाट शोधावी लागते. ज्या कार्यक्रमांनी वयाची मर्यादा एकवीस किंवा पंचवीसपर्यंत वाढवली आहे, त्यांनी माझ्या मते खरी गरज ओळखली आहे.

शेजारी, कायदा आणि पैसा

निर्वासितांसाठी वेगळा, चकचकीत दवाखाना आणि शेजारच्या गावातल्या गरिबासाठी काहीच नाही, अशी रचना फार दिवस टिकत नाही. त्यातून द्वेष वाढतो. युगांडात निर्वासितांना सरकारी आरोग्य केंद्रांत स्थानिक लोकांप्रमाणेच सेवा मिळते, आणि वसाहतींत उभारलेली केंद्रे स्थानिकांनाही खुली असतात. ही व्यवस्था निर्दोष नाही, औषधे कमी पडतात, रांगा लांबतात. तरी गर्दीचा भार सगळ्यांवर आणि सुधारणेचा लाभही सगळ्यांना, एवढे तिथे साधले आहे. जॉर्डनमधल्या तरुणांच्या कार्यक्रमात स्थानिक मुलांना सोबत घेण्यामागेही हाच विचार होता.

कायद्याचा भाग थोडक्यात असा. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार कायदेशीर वास्तव्य असलेल्या निर्वासितांना सार्वजनिक साहाय्यात नागरिकांसारखीच वागणूक मिळायला हवी. पण लेबनॉन, जॉर्डन, बांगलादेश अशा, लाखो निर्वासितांना आश्रय दिलेल्या अनेक देशांनी या करारावर सही केलेली नाही, आणि सही केलेले देशही आश्रयाचा निर्णय होईपर्यंत हात आखडता घेतात. जर्मनीत १९९३ च्या कायद्यानुसार आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात मुख्यतः तीव्र आजार आणि वेदनांवरचे उपचार मिळतात, आणि हा काळ २०२४ मध्ये वाढवून तीन वर्षांचा करण्यात आला. गंमत अशी की तिथल्याच एका अभ्यासात, उपचारांवर मर्यादा असलेल्या आश्रयार्थींवरचा दरडोई आरोग्यखर्च पूर्ण सेवा मिळणाऱ्यांपेक्षा अधिक निघाला. दुखणे वेळेत पाहिले नाही तर ते पुढे तातडीच्या विभागात महागात पडते. कॅनडाने २०१२ मध्ये निर्वासितांच्या आरोग्यसेवेत कपात केली. २०१४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ती वागणूक क्रूर ठरवली आणि २०१६ मध्ये सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात दवाखान्याच्या खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्यांनाच कुणाला काय लागू आहे हे समजेनासे झाले होते, आणि त्यामुळे ज्यांचा हक्क शाबूत होता अशी माणसेही परत पाठवली जात होती.

पैशाचे गणित याहून कडवट आहे. बहुतेक सामुदायिक कार्यक्रम एक-दोन वर्षांच्या अनुदानावर चालतात. पहिले सहा महिने माणसे नेमण्यात आणि विश्वास मिळवण्यात जातात, शेवटचे सहा महिने अहवाल लिहिण्यात. लोकांना आरोग्यसेविकेचे नाव पाठ होते तोवर तिचे कंत्राट संपलेले असते. देणगीदारांना हजेरीचे आकडे आवडतात, म्हणून अहवालात ‘इतक्या जणांना प्रशिक्षण दिले’ असे लिहिले जाते, आणि त्यातले किती जण रक्तदाबाची गोळी वर्षभराने अजून घेत आहेत हे कुणी विचारत नाही. एखाद्या कार्यक्रमाची पारख करायची असेल तर मी तीन प्रश्न आधी विचारीन: तो आखताना निर्वासितांपैकी कोण टेबलापाशी बसले होते, वस्तीतून घेतलेल्या सेवकांना पगार किती आणि कुणाकडून मिळतो, आणि अनुदान थांबले तर त्यांच्याकडच्या रुग्णांच्या नोंदवह्या कोणत्या सरकारी केंद्राकडे जातील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारातच लिहून घेतलेले असेल, तर संस्था निघून गेल्यावरही मधुमेहाच्या रुग्णाला पुढच्या महिन्याची औषधे कुठून घ्यायची ते ठाऊक असते.